गुदमरलेल्या पाण्याचा पंचनामा

तमाम वाचकांस, त्यांच्या आप्तेष्टांस, तसेच विहिरी, शेततळी, नद्या, धरणे आणि एक अख्खा अरबी समुद्र यांच्या मालकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, पाणी उपासमारीने मरत नाही. पाणी अति जेवून मरते. सदर बाब अतिमहत्त्वाची असून तिची नोंद न घेतल्यास होणाऱ्या परिणामांस पाणी जबाबदार राहणार नाही.

हेच मी एकदा लग्नाच्या पंगतीत सांगून पाहिलं. समोर बसलेल्या गृहस्थांनी जिलबी खाली ठेवली आणि जागा बदलली.

माझा धंदा पाण्यातला प्राणवायू मोजण्याचा. आधी बरीच वर्षं समुद्रावर मोजला, आता नगरला मोजते. (शहराचं नाव बदललंय, मला मान्य आहे, पण जीभ अजून जुन्याच स्टँडवर उतरते.) दोन खोल्यांची प्रयोगशाळा आहे, पुढच्या खोलीत बाटल्या, मागच्या खोलीत आणखी बाटल्या. आमच्या आत्या ओळख करून देताना म्हणायच्या, "ही आमची भाची, बाटल्यांवरच जगते." ऐकणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. मी खुलासा कधीही केला नाही.

कोल्हारचे माझे मामा हे माझं पहिलं गिऱ्हाईक. प्रवरेचं पाणी तांब्याच्या लोट्यात घेऊन आले आणि म्हणाले, "हे गंगेच्या तोडीचं हाय, असं लिहून दे. फ्रेम करून लावतो." मी तपासलं आणि जे होतं ते लिहिलं. मामा वाचून म्हणाले, "सख्खी भाची असून माझ्या नदीला नापास केलंस. परक्याकडं गेलो असतो तर किमान पास झाली असती." पुढे दोन दिवाळ्या त्यांनी माझ्याकडचा फराळ नुसता हुंगून परत पाठवला.

पण सगळीच गिऱ्हाइकं अशी हसवणारी नव्हती. कोरोनाच्या दिवसांत एका लांबच्या नातेवाइकाचा फोन आला. "तुझ्याकडं ऑक्सिजन असतो म्हणं. एखादा सिलिंडर मिळंल का? भावाला लागतोय." मी फक्त मोजते, माझ्याकडे नसतो, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग मोजून काय करता?" भाऊ गेला त्याचा. या प्रश्नाला मी अजून उत्तर शोधते आहे. खाली जी हकिकत सांगणार आहे ती त्या शोधातलीच एक आहे, आणि तिचा शेवटही फारसा उजेडाचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. चिवडा खाऊन झाला असेल तरच पुढे वाचा.

आधी धंदा समजून घ्या. दोन घोट चहा होईपर्यंत समजतो.

पेलाभर पाण्यात साखर ढवळा आणि फडक्यातून गाळा. फडक्यावर काही उरत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि गोड ते गोडच. समुद्राचंही तसंच आहे. वरच्या उजेडात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. त्या ऊन खातात आणि साखर करतात. त्यातली बरीच पाझरते, सांडते, त्या मेल्या की विरघळते. शास्त्रज्ञ तिला विरघळलेला सेंद्रिय कार्बन म्हणतात. मी अदृश्य लापशी म्हणते. ती गाळण्यात सापडत नाही, पण पाण्यातल्या जिवाणूंना सापडते. त्यांची पंगत बसते. आणि जेवायचं म्हटलं की श्वास लागतो. ते लापशी खातात आणि पाण्यातला प्राणवायू पितात.

आता यात ऊन मिळवा. उन्हाळ्यात दही लवकर लागतं आणि लवकर आंबतं, हे स्वयंपाकघरातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. कोमट पाण्यात जिवाणू तसेच चेकाळतात. म्हणजे भूक वाढते. आणि गंमत अशी की पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणजे शिधा कमी. जेवणारे वाढले आणि शिधा आटला की पंगतीत काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. गरम समुद्रात ते रोज होतं, फक्त आवाज येत नाही.

अरबी समुद्र या बाबतीत बदनाम आहे. पावसाळी वाऱ्यांनी खालचं खत वर येतं, वर हिरवं पीक फोफावतं, त्याची लापशी खाली झिरपते, आणि थोडं खाली गेलं की एक जाडजूड थर लागतो. त्या थरात जवळजवळ श्वासच नाही. आणखी खाली, थंड काळोखात, तो हळूहळू परत येतो. मधला थर मात्र रिकामा. मी त्याच्यावरून जहाजाने कितीतरी वेळा गेले आहे. वर डॉल्फिन उड्या मारत असतात, सूर्यास्त कॅलेंडरवर छापावा असा असतो, आणि पायाखाली मैलोन्‌मैल पसरलेलं गुदमरलेलं पाणी.

ते कसं कळतं? जहाजावरून तारेला नळकांडी बांधून खाली सोडतात. हव्या त्या खोलीवर ती मिटतात आणि तिथलं पाणी घेऊन वर येतात. ते पाणी मी काचेच्या बाटलीत भरायचे, एकही बुडबुडा न येऊ देता, कारण एका बुडबुड्यात त्या पाण्याच्या नशिबापेक्षा जास्त हवा असते. मग दोन औषधं घालायची, बूच लावायचं, बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, गुळाच्या ढेपेसारखा. नसेल तर पांढरा. पुढे बारीक मोजणी असते, पण खरं काय ते त्या क्षणी डोळ्यांना कळून चुकतं.

जहाजावर तारेचं यंत्र चालवणारे रत्नागिरीकडचे एक खलाशी होते, इब्राहिमचाचा. पहिल्या सफरीत त्यांनी माझी पांढरी बाटली पाहिली आणि विचारलं, "ताई, ह्या पाण्याला काय झालं?" मी सगळं सांगितलं, लापशी, पंगत, शिधा. ते ऐकून घेत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे कफन घातलंय." त्यानंतर दर वेळी नळकांडी वर आली की ते दारात उभे राहून विचारायचे, "आज कफन किती?" मी बाटल्या दाखवायचे. अशी विनोदाची वेळ आम्ही रोज साजरी करायचो. दर्यावर माणसाला वेळ घालवायला काहीतरी लागतं.

समुद्र सुटला. नोकरी कंत्राटी होती, कंत्राट संपलं, मी माणसांत परत आले. इथे समुद्र नाही. पण शेततळी आहेत. जमिनीत मोठा खड्डा, त्याला काळ्या प्लास्टिकचं अस्तर, वर कडकडीत ऊन. पाणी येतं पण जात नाही. अरबी समुद्राचं एवढं चोख मॉडेल शास्त्रज्ञांनी मागितलं असतं तरी मिळालं नसतं. आमच्या शेतकऱ्यांनी ते घरोघर बांधून ठेवलं आहे, आणि त्यात मासे सोडले आहेत.

एका चैत्रात दिनकरआप्पा माझ्याकडे आले. खर्ड्याच्या पुढचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण त्या गावासारखी गावं पुष्कळ आहेत. धिप्पाड माणूस, पांढरी टोपी, डोळे न झोपल्यासारखे लाल. टेबलावर प्लास्टिकची बाटली ठेवली.

"मॅडम, ह्यातलं इष काढून द्या."

"काढून म्हणजे?"

"कागदावर. कुनी टाकलं ते आमाला ठावं हाय. कंचं टाकलं तेवढं तुमी लिवा."

बाटलीला लिंबू सरबताचा वास येत होता. विचारलं तर म्हणाले, टपरीवरची हाय, पर धुऊन घेतली. मी बूच लावलं आणि बाटली बाजूला सारली. मग त्यांना बसवून काय झालं ते विचारलं.

वर्षभर जपलेले मासे होते. कटला, रोहू, हाताएवढे झालेले. पुढच्या आठवड्यात काढायचे होते. एका सकाळी तळं पांढरं दिसलं. सगळे पोटं वर करून. आप्पांनी हाताने माशाची लांबी दाखवली आणि हात तसाच हवेत राहिला. त्यांचं नुकसान खोटं नव्हतं, हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे त्यांच्यावर राग येण्याची शक्यता आहे.

"आणि टाकलं कुणी म्हणता?"

"रामदासनी. राखन करायचा माझ्याकडं. मासं गायब हुयाला लागलं म्हनून काडला त्याला. तर टपरीवर चारचौघांत म्हनला, तुमच्या तळ्यात मासा खायला तर न्हाईच, बघायला बी उरनार न्हाई. आठ दिवसांत हे झालं. आता सांगा, आनखी काय पुरावा लागतो?"

रामदास पोलिसांच्या ताब्यात होता. तळ्यावरचे मेलेले मासे मोबाईलवर अख्ख्या तालुक्यात फिरले होते, खाली लिहिलेलं, 'विषप्रयोग'. पोलिसांनी नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले होते. विषाची तपासणी तिथेच होते, माझ्याकडे होत नाही. निकालाला वेळ लागणार होता. तोवर रामदास आतच राहणार, आणि आत काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

"मला तळं बघावं लागेल," मी म्हणाले.

"बघा की. पर कागद लवकर द्या."

मी बाटल्यांची पेटी घेऊन गेले. रस्त्याला, गावाच्या अलीकडे, एक बाई उभी होती. तिने गाडीला हात केला नाही, नुसती समोर आली. मी थांबले. ती सुनंदा, रामदासची बायको.

"तुमीच का पान्याच्या मॅडम?"

"हो."

"त्येंनी काय टाकलं न्हाई." मग पदर सावरत, "बोलले ते. बोलायला नको हुतं. चोर म्हनलं तर मानूस काय बी बोलतं."

"कुणी काही टाकताना पाहिलं का तळ्यात?"

"मी कुटं जाते तिकडं? नळावर बी जाऊ देईनात आता. म्हनत्यात, हितलं बी पानी नासवाल." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. बस कितीला आहे हे सांगावं तसं सांगितलं. "काल भेटायला गेल्ते. डावा हात वर जाईना त्येंचा. कागद कवा देनार तुमी?"

दोघांनाही माझ्याकडून कागदच हवा होता.

तळ्यावर वास होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मासे, वर माश्यांची चादर. आता मी जरा पोलिसी करते, तो माझा लाडका भाग आहे. पहिली गोष्ट, मोठे मासे सगळे मेले होते, पण काठाला बोटाएवढी पिल्लं अजून वळवळत होती. दुसरी, बेडूक मजेत होते. तिसरी, बांधावर गावची कुत्री मासे खाऊन टम्म फुगून झोपली होती आणि छान घोरत होती. चौथी, पाण्यातून मधूनच एक काळं तोंड वर येई, हवेचा घोट घेई आणि बुडी मारी. ती मरळ. हा मासा वरची हवा पिऊन जगतो. आप्पांच्या तळ्यात तो चोरून आलेला आणि तोच तेवढा वाचलेला.

विषाला असा पंक्तिभेद करता येत नाही. बेडूक, कुत्रा, मरळ सोडून नेमका मोठा कटला शोधून मारणारं विष अजून कुणी बनवलेलं नाही. मोठ्या माशाला श्वास जास्त लागतो. श्वास संपला की आधी तो जातो.

मी तिथेच बाटली भरली, औषधं घातली, उलटसुलट केली. पांढरं.

आता प्रश्न एवढाच की या तळ्याने एवढं खाल्लं काय? माशांचं नेहमीचं खाद्य मी विचारलं, ते बेताचं होतं. शेण, गोमूत्र, गुळाचं पाणी, तेही आप्पांनी शपथेवर नाकारलं. तेवढ्यात प्लास्टिकच्या अस्तराला चिकटलेली एक पत्रावळ दिसली. तिच्याशेजारी झेंडूची माळ, आणि कडेने पाण्यावर तुपाचा तवंग.

"हे काय, आप्पा?"

उत्तर आप्पांच्या आईने दिलं. गाव त्यांना जिजी म्हणतं. बांधावर लिंबाच्या सावलीला बसल्या होत्या, मी पाण्यात काय करते ते पाहत.

"परसाद हाय तो," जिजी म्हणाल्या. अभिमानाने म्हणाल्या. "मासं मेलं त्याच्या दोन-तीन रोज आदी सप्ता झाला न्हवं का गावात. काल्याच्या दिवशी महापरसाद. लापशी, बुंदी, आमटी, भात. औंदा ऊन लई, बाहेरगावचं लोकच आलं न्हाई. कढया भरून उरलं."

"मग?"

"मंग काय, उकिरड्यावर टाकायचा परसाद? पायदळी यील. जित्या पान्यात सोडायचा असतोय. आमच्या सासूबाई नदीत सोडायच्या. मंग नदी आटली, तर हिरीत सोडायचो. आता हिरीला बी पानी न्हाई. तर आप्पा म्हनला, माझ्या तळ्यात सोडा, मासं खातील, पुन्य लागंल. समद्या गावानं हात लावला, बाई. लेकरांनी बी."

कोडं सुटलं की मला होतो तसा आनंद मला झाला, आणि लगेच ओसरला. कारण रीत चुकीची नव्हती. वाहत्या नदीत ती कढई विरून गेली असती, पुढच्या गावाच्या माशांनी वाटून खाल्ली असती. इथे पाणी कोंडलेलं, चैत्राचं ऊन, त्यात शेवटचे दोन दिवस आभाळ भरून आलेलं, म्हणजे पाण्यातल्या वनस्पती उन्हात सोडतात तो प्राणवायूही बंद, आणि वारा पडलेला. जिवाणूंची ही पंगत कुणीच बसवली नव्हती आणि सगळ्यांनी मिळून वाढली होती. एक घर सोडून. सुनंदाच्या घरचे बौद्ध, ते सप्त्याच्या पंगतीला जात नाहीत. अख्ख्या गावात ज्या एकाच घराने त्या तळ्यात काहीच टाकलं नव्हतं, त्याच घरातला माणूस कोठडीत होता.

हे सांगायचं कसं? "तुमच्या प्रसादाने मासे मेले" असं म्हणाले असते तर माझी पेटीसुद्धा तळ्यात गेली असती. ठाण्यातले हवालदार तिथे आले होते, त्यांना मी बाजूला घेऊन सगळं समजावलं. माणूस बरा होता. त्यांनी डोकं खाजवलं.

"लेखी द्या, मॅडम. सायबांना दाखवतो. पण परसाद-बिरसाद लिवू नका. मला ह्याच तालुक्यात नोकरी करायचीय."

"मग काय लिहू?"

"लिवा, नैसर्गिक कारन."

"आणि गाव ऐकेल?"

"गाव कागद ऐकत नसतं," हवालदार म्हणाले. "गावाला दाखवावं लागतं."

दाखवावं लागतं, हे शब्द माझ्यासारख्या बाईच्या कानावर पडायची खोटी. नाटकाची हौस मला शाळेपासून, आणि रंगमंच कधी मिळाला नाही. त्या संध्याकाळी मी देवळाच्या सभामंडपात पेटी उघडली. शेजारच्या गावातल्या चांगल्या तळ्याचं पाणी आणलं होतं. चार बाटल्या सगळ्यांसमोर भरल्या. दोन तशाच ठेवल्या. दोनमध्ये घालायला वाण्याकडून गूळ मागवला.

"परसाद न्हाई घालत?" कुणीतरी विचारलं.

"नाही. देवाला यात ओढायचं नाही. हा दुकानातला गूळ आहे, त्याला कुणी नैवेद्य दाखवलेला नाही."

गुळाची चिमूट जिजींच्या हाताने टाकवली. बुचं लावली, बाटल्या देवळाच्या कपाटात ठेवल्या, किल्ली जिजींच्या कनवटीला. दुसऱ्या दिवशी दुपारी या, असं मी सगळ्यांना सांगितलं. मी परतले तेव्हा लोक चर्चा करत होते की बाई करणी करते की उतरवते. मला दोन्ही मान्य होतं.

दुसऱ्या दिवशी मंडप भरलेला. आप्पा पुढे बसलेले. हवालदार खांबाला टेकून. सुनंदा मंडपात आली नाही, पायऱ्यांच्या खाली, उन्हात उभी राहिली. तिला आत या म्हणावं असं मला वाटलं, आणि मी म्हणालेही. ती हलली नाही. ती बाटल्यांकडे पाहतच नव्हती. हवालदारांकडे पाहत होती.

जिजींनी कपाट उघडलं. चारही बाटल्या दिसायला सारख्या, स्वच्छ. मी औषध घातलं, साध्या पाण्याच्या बाटल्या उलटसुलट केल्या. तपकिरी ढग उठला, खाली बसू लागला. पोरं "आहाऽऽ" म्हणाली. मी लवून नमस्कार केला, खोटं कशाला सांगू.

"हे जिवंत पाणी. ह्यात मासा जगतो."

मग गुळाच्या बाटल्या. औषध तेच, हात तोच. साका पांढरा. दोन्हींत पांढरा, फाटलेल्या दुधासारखा.

"ह्यात काय घातलं होतं?" मी विचारलं.

"गूळ," जिजी म्हणाल्या. मग हळू, "माझ्याच हातानं."

"विष?"

"गूळ म्हनलं की, बाई."

मी दही, ऊन, पंगत, शिधा, सगळं सांगितलं. मरळ सांगितली, बेडूक सांगितले. कुत्र्यांचा उल्लेख आला तेव्हा दोघे-तिघे हसले आणि लगेच गप्प झाले, कारण आपण कशाला हसतोय ते त्यांच्या लक्षात आलं. तळ्यात काय गेलं होतं हे मी एकदाही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. मंडपातल्या प्रत्येकाने कढईला हात लावला होता आणि प्रत्येकजण आपल्या हाताकडे पाहत होता.

हवालदार बाहेर जाऊन फोनवर बोलले. पुढचं थोडक्यात सांगते. रामदास त्याच संध्याकाळी सुटला. मोठ्या प्रयोगशाळेचा निकालही पुढे आला, विष नाही. तोवर रामदासने गाव सोडलं होतं. आता तो सुप्याला एका कारखान्यात माल भरण्याच्या विभागात आहे. डावा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून त्याला खालच्या फळ्या देतात. सुनंदाचा मला अधूनमधून फोन येतो. तिकडे नळाला पाणी रोज येतं, हे ती दर वेळी सांगते. गावाची आठवण कधी काढत नाही. मीही काढत नाही. माझ्या बाटल्यांनी खरं ते सांगितलं, पण कोठडीत खांद्याचं हाड मोडून झाल्यावर सांगितलं, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

मला आठवतो तो मंडप. फोन करून हवालदार आत आले, म्हणाले, सोडतायत. उन्हातली सुनंदा खालच्या पायरीवर येऊन बसली. कुणी तिला पाणी नेऊन दिलं नाही, कुणी उठलंही नाही. लोक बाटल्यांकडे पाहत राहिले, पांढरी, तपकिरी, पांढरी, तपकिरी. मी वाट पाहत होते की आता आप्पा काहीतरी म्हणतील. त्यांच्याकडून एक शब्द आला असता तर बाकीचे उठले असते, अशी माझी समजूत होती.

आप्पांनी टोपी काढली, कपाळावरचा घाम पुसला, टोपी परत घातली. चेहऱ्यावर राग नव्हता, लबाडी नव्हती. खरोखर अडचणीत सापडलेल्या माणसाचा चेहरा होता तो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"ते समदं पटलं, मॅडम. पर मंग आता नाव कुनाचं घ्यायचं?"